टिकाऊ रिम

पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला की देवास गेटजवळचं ते सायकलींचं दुकान आठवतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी दादाला रोज माधवनगरच्या ऑफिसात सायकलवरच जायचं होतं. जड चाकांनी धाप लागायची, म्हणून आम्ही हलक्या रिम बघायला गेलो होतो. दुकानदाराने एक बोटावर तोलून दाखवली. "एल्युमिनियम की है, डबल वॉल. हल्की भी, और गड्ढों में दस साल कुछ नहीं होगा." दुकानात हिंदी आणि आपसात मराठी, ही आम्हा उज्जैनच्या मराठी लोकांची सवयच. दादा हसून मला म्हणाला, "दहा वर्षं कशाला? मला दिवाळीपर्यंत पुरली तरी खूप." त्यानंतर दुकानदार टिकाऊपणाबद्दल चकार शब्द बोलला नाही, मान खाली घालून स्पोक ओवत राहिला. निघताना मात्र स्वच्छ मराठीत म्हणाला, "नव्या चाकाचे स्पोक सैल पडतात. महिन्याभराने कसायला आणा, साहेब. तुम्हीच या." महिन्याने सायकल घेऊन मी एकटीच गेले. त्याने काही न विचारता स्पोक कसून दिले. आता ती सायकल मी चालवते. दहा वर्षं होत आली, त्या मेल्या रिमना अजून काही झालेलं नाही.