सात वर्षं न बिघडलेला फोन

ओरछा गेटजवळच्या मोबाइलच्या दुकानात, एका जुन्या नावाजलेल्या कंपनीच्या काउंटरवर तिचे एक जुने सेल्समन उभे असतात. अंगातला कंपनीचा टी-शर्ट इतका विटलाय, की त्यावरचं नाव आठवूनच वाचावं लागतं. शेजारच्या नव्या कंपन्यांकडे ही झुंबड! त्या गिऱ्हाइकांची हेल्मेटं आणि पिशव्या मात्र यांच्या मोकळ्या काउंटरवर. हे बिचारे ते सगळं राखत बसतात.

मी स्क्रीनगार्ड बदलायला गेलो, की त्यांच्याच कंपनीचा माझा जुना फोन अलगद हातात घेऊन आजारी म्हाताऱ्याची करावी तशी चौकशी करतात, "अभी भी चल रहा है, भैया?"

"सात साल में एक बार भी नहीं बिगड़ा!" मी कौतुकाने सांगतो.

ते उसासा टाकतात. "आप जैसों ने ही कंपनी डुबोई है."

परवा तिथेच माझ्या हातून फोन निसटला आणि दाणकन फरशीवर आपटला. ते काउंटरवरून ओणवे झाले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, फुटू दे एकदाचा.

तेवढ्यात फोन फरशीवरच वाजू लागला.

त्यांनी तो उचलला, टी-शर्टला पुसला आणि शेजारच्या गर्दीकडे वळून गरजले, "है हिम्मत? गिराओ अपना वाला!"