शिडीच्या खालचा माणूस

सलूनवाल्या काकांना कशाची भीती नव्हती, एक शिडी सोडली तर. तीही चढायची. खाली उभं राहून धरायची असेल, तर त्यांच्यासारखा धरणारा आसपासच्या गल्ल्यांत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. छपराच्या कडेला पत्र्याची पन्हळ होती, ती तुंबली आणि पावसाचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपात जायचं सोडून भिंतीवरून ओघळायला लागलं. काका बाह्या सरसावून मोठ्या ऐटीत शिडी चढले आणि मधल्या पायरीवर जे चिकटले, ते पुढे ना मागे.

खालून काकू म्हणाल्या, "अहो, उतरा की."

"उतरता आलं असतं तर इथे मुक्काम केला असता का?"

शेवटी काकूंनी त्यांचा एकेक पाय धरून खालच्या पायरीवर ठेवला आणि झाडावर अडकलेलं मांजर उतरवावं तसं नवऱ्याला खाली आणलं. मग स्वतः चढल्या. दिवसभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणारा माणूस, पण तेव्हापासून काकू वर आणि काका खाली, हे ठरून गेलं. संसारातल्या बाकीच्या गोष्टी ठरायला पुष्कळ वर्षं लागली; ही एकच पहिल्या झटक्यात ठरली.

खाली म्हणजे नुसतं शिडी धरणं नव्हे. कधी चढायचं, हे काका सांगत. शेजारचं मोठं झाड त्यांच्या छपरावर वाकलं होतं. सलूनमधून घरी येताना काका फाटकाशी थांबत आणि मान वाकडी करून झाडाकडे बघत, गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघावं तसं.

"अजून अर्धी पानं वर आहेत," ते म्हणत. "आत्ता साफ केलीस तर अर्धी हजामत करून उठल्यासारखं होईल. थांब जरा."

पानं पुरती गळली की पहिली सफाई. मग झाड फुलायचं आणि त्याची बारीक पिवळी फुलं झडायची. ती झडून संपली की दुसरी. दिसायला ती फुलं फार गरीब, पण भिजली की त्यांची खळ होते आणि पाइपाच्या तोंडावर असा बूच बसतो की विचारू नका. मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत पाइपात बादलीभर पाणी ओतून बघायचं, सरळ खाली येतं का ते. आणि पावसाळ्याच्या मधे चांगली उघडीप मिळाली की आणखी एकदा, कारण तोवर गाळात रोपटी उगवून डोलायला लागलेली असत. एका वर्षी पन्हळीत चिमणीनं घरटं केलं, तेव्हा काकांनी सगळी कामं तहकूब ठेवली. पिल्लं उडेपर्यंत भिंतीवरून पाणी गळत राहिलं आणि खाली घमेलं ठेवून काका ते झेलत बसले. "भाडेकरू आहेत," म्हणाले, "असं एकाएकी कसं काढायचं?"

चढायचा दिवस आला की आधी शिडीच्या दोन्ही पायांखाली सलूनमधल्या जुन्या टॉवेलांच्या घड्या जात, म्हणजे पाय मातीत रुतू नयेत. मग काका दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरत आणि वर बघून सूचना सुरू करत. डावीकडे राहिलं. कोपऱ्यात हात घाल. फार वाकू नकोस. काकू वरून म्हणत, "तुमच्या तोंडाखालीसुद्धा एक घडी ठेवा."

अशी किती वर्षं गेली. मग काकांच्या हातांना कंप सुटला.

आधी बशीत कप वाजायला लागला. काका म्हणाले, "बरं झालं, साखर ढवळायला चमचा नको." काकू हसल्या, कारण त्यांनी हसावं म्हणूनच तो विनोद होता. मग एका सकाळी सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या चेहऱ्याला साबण लावलेला असताना काकांनी वस्तरा खाली ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या आपल्या मुलाला हाक मारली. "पुढचं तू कर." एवढंच. घरी येऊन हातपाय धुतले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यानंतर त्यांनी वस्तरा हातात घेतला नाही, आणि त्यावर विनोदही केला नाही. काकूंनी ते लक्षात ठेवलं.

त्या वर्षीची पानांची सफाई नेहमीसारखी झाली, म्हणजे दिसायला तशी झाली. काकू वर चढल्या आणि त्यांच्या तळपायांना काहीतरी जाणवलं. हुडहुडी भरल्यासारखी शिडी बारीक थरथरत होती. खाली बघितलं तर काकांचं टक्कल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पडेपर्यंत आवळलेले हात. काका सूचना देत नव्हते. सगळा जीव धरण्यात होता.

काकूंनी भराभरा पानं काढली आणि उतरल्या. "बरी धरलीत आज," म्हणाल्या, "तोंडही बंद होतं."

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्यांना झोप येईना. त्यांची हाडं काही रबराची नव्हती. पडल्या असत्या तर पुन्हा उभं राहणं कठीण होतं. पण धरू नका असं या माणसाला सांगायचं कोणी? वस्तरा त्यानं स्वतःच्या हातानं खाली ठेवला होता. शिडी काकूंना काढून घ्यावी लागणार होती. ते त्यांच्यानं होईना.

तेव्हा त्यांनी बायका करतात तेच केलं. गुपचूप उरकून टाकायचं ठरवलं.

झाड फुललं होतं. मुलगा काकांना डॉक्टरकडे घेऊन गेला, त्या सकाळी काकूंनी समोरच्या शिवणवालीला बोलावलं. शिवणवाली अंगानं भक्कम, तोंडानं त्याहून. तिनं शिडी धरली आणि काकू पन्हळ साफ करून खाली येईपर्यंत आपल्या नणंदेची कुंडली सांगून टाकली.

"काकांना सांगू नकोस," काकू म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? मी कोणाला काही सांगते का?"

काका आले, फाटकाशी थांबले, मान वाकडी करून झाड बघितलं. मग भिंतीशी गेले, खाली वाकून काहीतरी बघितलं आणि सरळ घरात आले. काकूंना वाटलं, जमलं. दोन-तीनदा काकाच म्हणाले, "यंदा फुलं उशिरा झडणार. अजून वर बरीच आहेत." काकू म्हणायच्या, "झडू देत. बघू." आणि विषय भाजीवर न्यायच्या.

मग एके दुपारी अवेळी पाऊस आला. मोठा नव्हता, पण वारा होता, आणि वाऱ्यानं झाडावरची उरलेली सगळी फुलं छपरावर आणून ओतली. थोड्याच वेळात पन्हळीच्या काठावरून पाणी पडायला लागलं, ते बरोबर उंबऱ्यावर. दारातल्या चपला तरंगायला लागल्या.

"पन्हळ तुंबली," काका म्हणाले.

"तुंबेल कशी? आत्ताच तर साफ..." काकूंनी जीभ चावली.

काका शांतपणे चपला गोळा करत होते. "माहीत आहे. भिंतीशी मातीत शिडीच्या पायांचे वीतभर खड्डे त्याच दिवशी बघितले. खाली टॉवेल घातले नाहीत कोणी. कोणी धरली होती?"

"शिवणवालीनं."

"तिनं सांगितलं नाही, फुलं झडून संपू देत म्हणून?"

"तिनं नणंदेचं सांगितलं."

काका हसले नाहीत. चपला ओळीनं कोरड्या जागी लावल्या. मग म्हणाले, "मला सांगायचंस. शिडी हलते, हे मलाही कळत होतं. माझेच हात आहेत ते."

 काकू म्हणाल्या, "तुम्ही वस्तरा ठेवलात, तेव्हा मी तुमचं तोंड बघितलं होतं. परत बघायचं नव्हतं."

पाऊस थांबला तशी काकांनी शिडी आणली, म्हणजे एका टोकाला काकू आणि दुसऱ्या टोकाला ते. टॉवेलांच्या घड्या घातल्या. शिडी भिंतीला लावली आणि धरायच्या ऐवजी वळून सगळ्यात खालच्या पायरीवर, काकूंकडे पाठ करून, ऐसपैस बसले.

"हे काय?"

"हात थरथरतात," काका म्हणाले. "बूड थरथरत नाही. एवढ्या वर्षांत तूच खाऊ घालून वाढवलंयस, आज कामी येऊ दे. चढ माझ्या बाजूनं."

काकू त्यांच्या खांद्यावर हात टेकून चढल्या. वर गेल्यावर क्षणभर थांबून तळव्यांनी अंदाज घेतला. शिडी भिंतीत बांधून काढल्यासारखी उभी होती. फुलांची खळ मूठमूठ काढून त्या खाली टाकायला लागल्या, त्यातली थोडी मुद्दाम टकलावर.

समोरच्या दारातून शिवणवालीनं विचारलं, "काकू, मी येऊ का धरायला?"

"जागा भरली आहे," काकांनी बसल्या जागेवरून सांगितलं. मग वर न बघताच सुरू झाले. "पाइपाच्या तोंडाशी बोट घाल. आणखी आत. डावीकडे राहिलंय."

"तुम्हाला पाठमोरं बसून कसं दिसतं हो?"

"पाणी कुठून ठिबकतंय ते कळतं ना."

पाइपातून पाणी घळघळत खाली गेलं. काकूंनी हात झटकले. "झालं. उठा आता, मला उतरायचंय."

काका उठले नाहीत.

"अहो, उठा. पाय भरून आलेत."

"आधी सांग, पुढची सफाई कधी?"

काकू वर उभ्या. खाली टक्कल, त्यावर दोन पिवळी फुलं. गल्लीतून लोक जात होते आणि माना वर करून बघत होते.

"तुम्ही सांगाल तेव्हा," काकू म्हणाल्या.

तेव्हा काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि बाजूला झाले.