केशरी सूर्य, जांभळी फुलं

ऑइलपेंटचा वास आला की रत्नागिरीतलं आमच्या घरापुढचं खळं आठवतं. नवऱ्याने हातखंब्याच्या भंगारवाल्याकडून जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, आणून तिथे उभा केला होता. तो गाडीला जोडून दोघांनी केरळपर्यंत भटकायचं ठरलं होतं. हिप्पींच्या गाड्यांसारखा सजवायचा म्हणून मी त्यावर केशरी सूर्य आणि जांभळी फुलं काढली, आईच्या साड्यांचे पडदे शिवले, दाराला मण्यांच्या माळा लावल्या. तो रोज चहा आणून द्यायचा, कौतुक करायचा. शेवटचं फूल रंगवून झालं तेव्हा शांतपणे म्हणाला, "तू येत नाहीयेस. माझ्या ऑफिसातली एकजण येतेय." मी विचारलं, "मग माझ्याकडून कशाला रंगवून घेतलास?" "तिला चित्रं कुठे काढता येतात?" असं म्हणून तो ट्रेलर गाडीला जोडायला लागला. आता मी लोकांच्या भिंती रंगवते. काम घेण्याआधी विचारते, तिथे राहणार कोण?