मिनिटकाकांची गुलबक्षी

मिनिटकाकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू न उघडता दुरुस्त केली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक घड्याळ पुढे करायचं, हे मागचं झाकण उघडायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि दुखणं सांगायचे. चिठ्ठीवर 'गुरुवार, संध्याकाळी पाच' लिहिलं की गुरुवारी पाचला घड्याळ चालू. मग हात कापायला लागला. एकाच घड्याळाचा स्क्रू तीनदा जमिनीवर पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं, ते कायमचंच.

घरी बसलेला घड्याळजी हे काय प्रकरण असतं ते काकूंना विचारावं. दुधाला उकळी यायला किती मिनिटं लागली, काल सव्वाअकराला आलेला पोस्टमन आज साडेअकराला का आला, सगळ्याची चौकशी. दोन महिन्यांत काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी कपाटातून पत्र्याची एक जुनी गोळ्यांची डबी काढली.

"चोवीस बिया आहेत. आईच्या अंगणातली गुलबक्षी. पिवळ्या फुलावर लाल रेघा. दादाने घर विकलं, घेणाऱ्याने अंगणात फरशी घातली. आता उरल्यात त्या एवढ्याच. रोज चारला उमलायची. ती उमलली की आई चहा ठेवायची."

"चार म्हणजे चारच?"

"चार म्हणजे चार," काकू म्हणाल्या. इथे त्या जरा खोटं बोलल्या, पण माणसाला कामाला लावायचं तर एवढं चालतं.

आता गुलबक्षी ही काही नखऱ्याची बाई नव्हे. उकिरड्यावर येते, भिंतीच्या भेगेत येते. खालच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर मूठभर बी फेकून कामावर निघून जायचा, आणि त्याच्या कंपाउंडात गुलाबी गुलबक्षीचं रान माजलेलं असायचं. ती न उगवू देण्यासाठी अंगी खास गुण लागतात. मिनिटकाकांच्या अंगी ते होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी गॅलरीत आठ कुंड्या मांडल्या. पट्टीने मोजून, प्रत्येकीत एक अशा आठ बिया सारख्याच खोल पेरल्या. प्रत्येक कुंडीला दुकानातली चिठ्ठी बांधली: 'तयार, दहावा दिवस, सकाळी नऊ'. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. चिमट्याने माती बाजूला सारली, एकेक बी काढली, भिंगाखाली धरली, परत ठेवली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

"अहो, काय चाललंय?"

"बघतोय. आत काही हालचाल आहे का."

"तुमच्या आईने नऊ महिने झाकण उघडून बघितलं होतं का?"

ऐकतील ते मिनिटकाका कसले. नवव्या दिवशी एका बीला पांढरा कोंब दिसला. ते हरखून ती बी बशीत घालून काकूंना दाखवायला निघाले आणि दारातच हात कापला. बशी वाचली. कोंब तुटला. बाकीच्या सात बियांनी रोजच्या तपासणीला कंटाळून जीव सोडला होता.

पावसाळ्यात काकूंनी आणखी आठ दिल्या, शपथ घालून. मिनिटकाकांनी शपथ पाळली, चार दिवस. पाचव्या दिवशी ते सुई घेऊन मातीत चाचपत होते. "उघडत कुठे आहे? नुसतं बघतोय, जागेवर आहे का." सात बिया सडल्या. आठवी मात्र चिवट निघाली. वर आली, चार पानं फुटली. मग एक पान पिवळं पडलं.

"मुळाशी काहीतरी अडकलंय," काका म्हणाले आणि त्यांनी रोप उपटलं.

काहीही अडकलेलं नव्हतं. मुळं पांढरीशुभ्र, तब्येत ठणठणीत.

"मग उपटलंत कशाला?"

"उपटल्याशिवाय कळलं असतं का?"

काकूंनी उरलेल्या बियांची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जिन्यात ड्रायव्हर भेटला. "काका, माझ्याकडचं बी देऊ का? काही करायचं नाही. फेकायचं आणि ड्यूटीवर जायचं."

"मला कुठाय ड्यूटी?" काका खेकसले. ड्रायव्हरने मान खाली घातली. मग सगळी थंडी काका रिकाम्या कुंड्यांकडे पाठ करून बसले.

थंडी सरली तशी शेवटच्या आठ बिया काकूंनी स्वतः पेरल्या आणि चिमटा, सुई, भिंग पिठाच्या डब्यात पुरून ठेवलं. "यातलं एक जरी गेलं ना, तर आईचं अंगण तुम्ही बुडवलंत असं समजेन." एवढं बोलून त्या निवांत झोपायला गेल्या. काका मात्र गॅलरीत हातांवर बसून राहायला लागले. खरोखर, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून.

तीन रोपं आली. उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा पहिली दोन फुलली. दोन्ही गुलाबी; गुलबक्षीचं बी कधी कधी असा रंग बदलतं.

"ही तर माझ्याकडच्यासारखीच," ड्रायव्हर खालून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला आनंदच झाला होता. काकू आत निघून गेल्या.

उरलं तिसरं रोप. त्याला एकच कळी धरली होती, मिटलेल्या छत्रीसारखी. रंग काही कळेना. दुपारी साडेतीनपासून काका समोर बसले. चार वाजले. सव्वाचार. कळी ढिम्म. काकू बाहेर आल्या आणि त्यांनी पीठ पुसून चिमटा काकांपुढे धरला.

"घ्या. बघायचंय ना आत काय आहे? उघडा."

काकांनी चिमटा घेतला. कळीपर्यंत नेला. हात कापत होता, की कापायचं निमित्त करत होता, कुणास ठाऊक. मग त्यांनी चिमटा मांडीखाली सारला आणि त्यावरच बसले. टोचत होता, तरी बसले.

पाच वाजून पाच मिनिटांनी कळीचा पीळ सुटला. पिवळं फूल. त्यावर एक लाल रेघ, जरा वाकडीच.

काकूंनी वाकून फूल नीट बघितलं. "चहा ठेवते," त्या म्हणाल्या.

"एक तास पाच मिनिटं मागे आहे," काका म्हणाले.

"आमच्याकडेही मागेच असायची. आम्ही चहा उशिरा प्यायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून हाक आली. "अगं, बंद पडलं." फूल मिटून लोंबत होतं.

"हात लावू नका. बी त्यातूनच धरणार आहे."

"किती दिवसांनी?"

काकू दूध तापवायला आत गेल्या. काका पुटपुटत पुन्हा हातांवर बसले.