पार्ल्याचे काका आणि तळ्यावरच्या शेकाट्या

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी वारा खाडीकडून यायचा आणि दुपारी फिरायचा. वारा फिरला की वास जायचा. म्हणून ताईला बघायला येणाऱ्या पार्ल्याच्या मंडळींना आईने मुद्दाम चारची वेळ दिली होती. त्या रविवारी वारा फिरलाच नाही.

आम्ही घाटकोपर पूर्वेला, सांडपाण्याच्या प्लांटला लागून असलेल्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा तिथे ऑपरेटर. सगळ्या वस्त्यांचं, इमारतींचं मोरीचं आणि संडासाचं पाणी तिथे यायचं, जाळ्यांतून गाळलं जायचं, मोठमोठ्या तळ्यांत यंत्रांनी घुसळलं जायचं आणि शेवटी खाडीत सुटायचं. आम्हाला वासाचं काही वाटायचं नाही. आईचं अळू, दोरीवरचे कपडे, दारातले बाबांचे गमबूट, सगळं त्याच वासातलं. शाळेत मात्र मी 'बाबा पाणी खात्यात आहेत' एवढंच सांगायचे.

मुलगा, त्याची आई आणि वडील असे तिघं आले. आईने घरभर उदबत्त्या लावल्या होत्या. मुलाच्या आईने पोह्यांची बशी हातात घेतली, तशीच खाली ठेवली आणि नाकाला रुमाल लावून विचारलं, "इथे जवळपास ड्रेनेज फुटलंय का?"

"फुटलं नाही," बाबा म्हणाले. "प्लांट आहे. मीच चालवतो."

मग मुलाचे वडील म्हणाले, "मला बघायला मिळेल?"

"अहो!" त्यांची बायको म्हणाली. पण ते उठलेसुद्धा. आईने मला त्यांच्यामागे पिटाळलं. "लवकर परत आण गं दोघांना."

बाबा रंगात आले होते. बांधावरून चालता चालता सांगत होते, "आम्ही काय करतो? फक्त हवा देतो. घाण खातात ते जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण खरे कामगार तेच." पार्ल्याच्या काकांचं लक्ष मात्र शेवटच्या तळ्याकडे होतं. तिथे उथळ पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांचे काळे-पांढरे पक्षी उभे होते.

"शेकाट्या!" ते कुजबुजले. "अहो, मी यांच्यासाठी बोटीतून मनोरीला जातो, गोराईला जातो. एवढ्या एका जागी कधी नाही बघितल्या."

"आम्ही त्यांना लालपाये म्हणतो," बाबा म्हणाले. "इथे रोजच असतात."

ते मोजायला लागले. बाबाही मोजायला लागले. दोघांचे आकडे जुळेनात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी परत चला म्हणून सांगत होते, पण ऐकतंय कोण? शेवटी ताईच जरीची साडी सावरत बांधावर आली. "बाबा, ती मंडळी निघालीत."

काकांनी तिला विचारलं, "तू रोज बघतेस हे?"

"रोज कुठे, काका? मला ऑफिस असतं ना."

ते मोठ्याने हसले.

बुधवारी फोन आला. पत्रिका जमत नव्हती. ताई रडली तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. "मला तो मुलगा आवडलाही नव्हता गं," ती म्हणाली. "पण आईच्या समोर नाकाला रुमाल लावला ना तिने." बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. नुसतं "मरांदे" म्हणाले आणि पाट सरकवून उठले.

पुढच्या रविवारी सकाळी वॉचमनने बाबांना गेटवर बोलावलं. काका आले होते, एकटेच, गळ्यात दुर्बीण. बाबा ताठ उभे राहिले, या म्हणाले नाहीत.

"घरी मी भांडलो," काका म्हणाले. "कुणी ऐकलं नाही. मला लाज वाटते. आत येऊ देणार असाल तर येतो, नाहीतर इथूनच जातो."

बाबांनी त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेबांची सही लागते." आणि थोड्या वेळाने, "बसा. आणतो."

त्यानंतर कितीतरी वर्षं, थंडीतले बहुतेक रविवार काका आमच्या तळ्यावर काढायचे. पहिल्या वर्षी आईने त्यांना घरात घेतलं नाही. बाबा कॅन्टीनमधून थर्मास भरून न्यायचे. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिने डब्यात घावणे भरले आणि माझ्या हातात दिले. "दोघांना पुरतील," म्हणाली. बाबांना हळूहळू पक्ष्यांतला तुतवार कुठला, धोबी कुठला ते कळायला लागलं. काकांना वास आला की कुठलं यंत्र बंद पडलंय ते कळायला लागलं. ताईचं लग्न मुलुंडच्या, तिच्याच ऑफिसातल्या मुलाशी झालं. तेव्हा काका एकटे आले आणि मंडपात बाबांच्या बाजूच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून राहिले. बाबा उठून कामाला पळाले की ते त्यांची खुर्ची धरून ठेवायचे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. बांधावर चढताना बाबा त्यांचा हात धरायचे. मग येणं थांबलं, फोन सुरू झाले. "आज किती?" एवढंच विचारायचे, आणि बाबा तळ्यावर फेरी मारून आकडा सांगायचे. काका गेले त्याला आता चार वर्षं झाली.

बाबा रिटायर झाल्यावर आम्हीही मुलुंडला आलो. जुन्या जागी आता नवा प्लांट होतोय. टाक्यांना झाकणं असतील, वास येणार नाही म्हणतात. तिथे वाढणाऱ्या मुलींसाठी मला बरंच वाटतं. मागच्या महिन्यात मी बाबांना विचारलं, "जाऊया का एकदा? सगळी तळी बुजवायच्या आधी?"

ते खिडकीत बसून शेंगा सोलत होते. "नको गो बाय," म्हणाले. "आता कोणाबरोबर मोजू?"

मी शेजारी बसले आणि मूठभर शेंगा माझ्याकडे घेतल्या.