नज्जारांचे दोन झेंडे

कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये मी बेसमेंटमध्ये राहते आणि वर सेलेस्टीन आंटी शिवणकाम करतात. मूळच्या वसईच्या, वय सत्तर. एका घराचे कपडे एकाच गाठोड्यात बांधायचे, ही त्यांच्या आईची पद्धत त्यांनी इथेही सोडली नाही.

मार्चमध्ये त्यांची जुनी गिऱ्हाईक हनान एक सीरियन झेंडा घेऊन आली. लाल, पांढरा, काळा; मध्ये दोन हिरवे तारे. तो तिच्या नवऱ्याच्या शवपेटीवर होता, कड उसवली होती. दुसऱ्या दिवशी नबील नावाच्या माणसानं हिरवा, पांढरा, काळा आणला, तीन लाल ताऱ्यांचा. दोन्ही पावत्यांवर आडनाव नज्जार. आंटींनी दोन्हींचा विरलेला पांढरा पट्टा एकाच ताग्यातल्या कापडानं सांधला आणि एकच गाठोडं हनानच्या हाती दिलं.

नबील झेंडा न्यायला आला, तेव्हा चूक कळली. हनान त्याची बहीण, पण तिकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवतात. हिरवा झेंडा स्वातंत्र्याच्या वेळचा, लाल नंतरचा. यादवीत सरकार लालाखाली लढलं आणि विरोधकांनी जुना हिरवा पुन्हा उचलला. मेहुणा सरकारी सैन्यात मारला गेला. नबीलनं हिरवा अंगाला गुंडाळून होम्स शहरातून बाहेर काढला. आता तोच देशाचा झेंडा आहे, पण भावाबहिणीत बारा वर्षं अबोला. ती तो जाळेल, एवढंच तो म्हणाला.

हनान फोन उचलेना. आंटी मशीनपाशी नुसत्या बसून राहिल्या.

"आपल्यात भावाचं नि बहिणीचं आडनाव एक म्हणजे बहीण बिनलग्नाची," त्या मला म्हणाल्या. "हिला तर तीन पोरं, बाय. मला वाटलं, दीरच आलाय दुसरा घेऊन."

मला हसू आलं, त्यांना नाही. नऊ वर्षांची मैत्रीण गेली, असं त्यांनी धरलंच होतं.

शनिवारी हनान आली. हातात गाठोड्याचं फडकं, धुऊन इस्त्री केलेलं. झेंडा कुठे, हे विचारायचं धाडस आंटींना होईना.

"नबीलच्या घरी नेऊन दिला," हनान म्हणाली. "दोन्हींना पांढरं कापड तू एकच लावलंस."

"चांगलं तेवढंच होतं गं. काही बोलला?"

"चहा दिला. साखर खूप. लहानपणी घालायचा तशी." तिनं फडकं पुढे केलं. "माझा झेंडा मात्र गाडीतच ठेवायला लावला."

आंटींनी फडकं घेतलं, घडी उलगडून पुन्हा घातली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.