अकरा नंबरची पायरी

नॉर्मा हॅस्लमच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं, हे गार्नेट स्ट्रीटवर येणाऱ्या प्रत्येक पोस्टमनला पहिल्याच आठवड्यात कळतं. ज्याला कळत नाही त्याला नॉर्मा कळवते. वय ऐंशी, गुडघे कामातून गेलेले, तरी दर शुक्रवारी सकाळी ती बादली घेऊन दारात गुडघे टेकते, पायरी घासते आणि ओली असतानाच तिच्या कडेवरून दगडाची वडी फिरवून फिकट पिवळी पट्टी ओढते. पूर्वी आमच्या लँकेशायरच्या या गिरणगावात सगळ्याच बायका हे करायच्या. भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात या वड्या देई. तो गेला, वड्या करणारा कारखाना गेला, नॉर्माने मात्र खोकंभर वड्या कोळशाच्या खोलीत साठवून ठेवल्या आहेत. "मला पुरतील," ती म्हणते. "उरल्याच तर माझ्याबरोबर पुरा."

मी शाळेत होते तेव्हा ती आम्हाला दुपारचं जेवण वाढायची. त्याआधी पंधराव्या वर्षापासून ती सूतगिरणीत होती. यंत्रांच्या आवाजात तिथे काही ऐकू यायचं नाही, म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि ओठ बघून समजून घ्यायच्या. त्यामुळे शेवटच्या टेबलावर बसून आम्ही तिला काय नावं ठेवतो हे तिला लांबूनच कळायचं, आणि आमच्या ताटात उकडलेला कोबी दुप्पट पडायचा. आज मी बावन्न वर्षांची आहे आणि अजूनही तिच्यासमोर तोंडावर हात धरून बोलते.

तिचा नवरा फ्रँक जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. जन्मली त्याच अकरा नंबरच्या घरात ती राहते. शेजारी नऊ नंबरात ॲव्हरिल क्रॉम्प्टन, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, तीही जन्मल्या घरातच. नॉर्माची आई एल्सी बूथ छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा नॉर्माला सहावंसुद्धा लागलं नव्हतं. पुढे ॲव्हरिलच्या आईने, आयव्हीने, दोघी पोरींना एकाच टबात आंघोळ घातली आणि एकाच फणीने विंचरलं.

एल्सीचा फोटो म्हणाल तर एकच. लग्नातला होता तो नॉर्माच्या वडिलांनी शवपेटीत ठेवून दिला. नॉर्मा गिरणीत लागली तेव्हा आत्याने तिला वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण आणून दिलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पाठमोरी, गुडघ्यांवर, अकरा नंबरची पायरी घासते आहे. खाली एवढंच छापलेलं, 'वसंतातली साफसफाई'. आत्या म्हणाली, "ही बघ तुझी आई." पासष्ट वर्षं ते कात्रण चौकटीत घालून शेगडीच्या वर लावलेलं आहे. चेहरा दिसत नाही. रुमालाखालून सुटलेली केसांची एक बट तेवढी दिसते. नॉर्मा रोज त्या बटेला गुड मॉर्निंग म्हणते.

आता माझं काम सांगते. मी गावच्या वाचनालयात आहे. आमचं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या आमच्याकडे आल्या. वरून फर्मान आलं की फोटो रंगीत करून प्रदर्शन लावा, लोकांना आवडतं. लोकांना आवडतं हे खरं. राखाडी फोटोपुढून जाणारा माणूस रंगीत फोटोपुढे थांबतो, "काय दिवस होते ते," म्हणतो आणि डोळे पुसतो. मला याचा राग येतो. रंग दिला की गळकं छप्परसुद्धा गोड दिसतं. त्यात संगणकावर सोडलं तर तो सगळ्या इंग्लंडला एकच तपकिरी कोट घालतो. म्हणून मी बुधवारी दुपारी चहाबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांना बसवते आणि विचारते, ही बस कुठल्या रंगाची, हे दार कुठल्या रंगाचं. भांडणं होतात, पण रंग खरे मिळतात.

नॉर्मा या बुधवारच्या बैठकींना यायची ती मुख्यत्वे टोमणे मारायला. कुणी उसासा टाकला की म्हणायची, "संडास परसात होता, हिवाळ्यात भांड्यात गोठायचं. त्याला पण रंग दे गं पोरी." मार्चमध्ये पेटीतून पायरीवाल्या बाईची मूळ निगेटिव्ह निघाली आणि मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "केस तांबूस कर. तांब्याच्या किटलीसारखे. मला तेवढं आठवतं. आणि चूक करू नकोस, माझ्याकडे दुसरी आई नाही."

निगेटिव्ह मोठी करून पाहिली तर कात्रणात होता त्याच्या तिप्पट फोटो. छापताना वरचा आणि बाजूचा भाग उडवला होता. पूर्ण फोटोत सगळी गल्ली दिसत होती, ऊन पडलेलं, आणि घरांच्या खिडक्यांना पडदे ओढलेले. पडद्यांचे रंग विचारायला मी ॲव्हरिलकडे गेले. नॉर्मा तेव्हा लहान होती, हिला जास्त आठवत असेल, एवढाच माझा विचार. ॲव्हरिलने छापील फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"भर दुपारी आख्ख्या गल्लीचे पडदे बंद," ती म्हणाली. "कधी असायचे गं? आजीने काही सांगितलं नाही का तुला?"

सांगितलं होतं. गल्लीत मयत असली की सगळ्या घरांचे पडदे ओढायचे, दफन होईपर्यंत उघडायचे नाहीत. मला लाज वाटली.

"ही माझी आई आहे," ॲव्हरिल म्हणाली. "एल्सी गुरुवारी गेली. लोक भेटायला यायचे आणि पायरी तशीच मळलेली. शेजारणीची पायरी शेजारणीने करायची, त्यात सांगायचं काय. आधी आमची केली, मग त्यांची. त्या फोटोवाल्यालाही कळलं असणार, म्हणून तर त्याने खिडक्या कापल्या."

"आणि तुम्ही हे कधी बोलला नाहीत?"

"मी कात्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चौकटीत गेलं होतं. माझ्याकडे आईचे दोन अल्बम भरून फोटो आहेत. आणखी एकावाचून माझं काय अडलंय? नॉर्माने केस कसे सांगितले?"

"तांबूस."

"माझ्या आईचे कोळशासारखे होते. तांबूसच कर. आणि त्या पडद्यांच्या काचा करून टाक."

खोटं करून भिंतीवर लावायचं हे माझ्या जिवावर आलं. दोन दिवस मी त्या फाइलला हात लावला नाही. मग शेगडीवरची ती चौकट डोळ्यांपुढे आली आणि मी मुकाट्याने बट तांबूस केली, खिडक्या निळसर राखाडी केल्या. काम सफाईने झालं होतं. स्वतःचीच चीड आली.

शुक्रवारी पायरी उरकून नॉर्मा थेट वाचनालयात आली, हाताला अजून पिवळी पूड होती. मी संगणकाच्या स्क्रीनवर कात्रणाएवढाच भाग लावून ठेवला होता. ती खुर्ची ओढून बसली, बटेकडे पाहत राहिली. "हं," म्हणाली. मग म्हणाली, "पूर्ण दाखव. गल्ली दाखव."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी दाखवली.

"या खिडक्यांना काय केलंस?"

"काचा आहेत त्या, मावशी."

"चुण्या पडलेल्या काचा? माझे डोळे गेलेले नाहीत, गुडघे गेलेत. पडदे आहेत हे. नवाचे, अकराचे, तेराचे." ती पुढे वाकली. एकेक घर मोजत गेली आणि शेवटाला पोचायच्या आतच थांबली. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या हातून तिची आई दुसऱ्यांदा जात होती, आणि मी माउस धरून बसले होते.

"काचा करायला कुणी सांगितलं? ॲव्हरिलने?"

मी मान डोलावली.

"मूर्ख बाई," नॉर्मा म्हणाली, पण रागाने नाही. मग पुन्हा बटेकडे पाहत, "केस काळे कर. आयव्हीमावशीचे आहेत. असे पाय दुमडून तीच बसायची. मला आधीच दिसायला हवं होतं."

मी बट काळी केली. दोन मिनिटांचं काम. म्हटलं, "मावशी, तुझी इच्छा नसेल तर हा फोटो प्रदर्शनात लावत नाही. घरचं कात्रण आहे तसं राहू दे."

"का? लावायचा. माझी आई आहे की यात."

तिचं ध्यान ठिकाणावर आहे ना, असं मला क्षणभर वाटलं. तिने पिवळ्या पुडीचं बोट उचललं आणि अकरा नंबरच्या खालच्या खिडकीवर टेकवलं.

"इथे. पुढच्या खोलीत. चार दिवस तिला इथेच ठेवली होती, या पडद्याच्या मागे. तू नावं लिहितेस ना खाली? मग लिही. पायरीवर आयव्ही क्रॉम्प्टन. आत एल्सी बूथ." तिने नाक पुसलं. "आणि पडदा हिरवा होता. गडद हिरवा. तो कर आता, माझ्यासमोर."

मी हिरवा घेतला. आधी वरची खिडकी केली. खालची तेवढी राहिली. रंग त्याच जागी भरायचा होता, पण बोट काढ असं मला तिला म्हणवेना.